बंद खाचेची गन

निवती, १४ ऑक्टोबर २००६

दादा,

पाकीट बघून घाबरू नको, घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतो, पण बाजारात टोपली मांडून बसली की थांबतो. बाबांनी होडी रंगवून घेतली, यंदा निळी.

तू रविवारी बाबलीदादाच्या घरी फोन करतोस तेव्हा त्याच्या ओटीवर अर्धी वाडी बसलेली असते. आई "होय, बरा आसा" एवढं बोलून फोन ठेवते. मला जे विचारायचंय ते तिथं विचारता येणार नाही. बाबलीदादा सुट्टी संपवून परवा दुबईला परत निघालाय, त्याच्याच हाती हे देते. तो तुझ्या खोलीवर आणून देईन म्हणालाय.

सरळच विचारते. तुझ्या दुकानात मासे मारायच्या भाल्याच्या गन आहेत ना? बाबलीदादा सांगत होता, एक आख्खी भिंत भरून टांगल्यात. त्यातल्या बंद खाचेच्या किती, त्यात आपल्याला झेपतील अशा कुठल्या, आणि झेपणाऱ्यांत चांगली कुठली, ते कळव.

आता तू विचारशील, तुला काय करायचंय. मी पाण्यात जाते, दादा. भोगव्याच्या बाजूला जी खडपं आहेत त्यांच्या मागे. आईबरोबर खडपावरचे शिंपले, आपले शिनाणे काढायला जायचे तेव्हापासून बुडी मारायची सवय होतीच. एक दिवस खडपाच्या कपारीत एवढा मोठा गोबरो मासा माझ्याकडे बघत बसलेला दिसला आणि शिनाण्यांतलं माझं मन उडालं. तुझा बुडी मारायचा जुना चष्मा माळ्यावर होता, तो घेतला. गन मी स्वतः केली. सागवानी पट्टी, वर एक खाच कोरलेली, खाचेत स्टीलची सळी, सायकलच्या ट्यूबचं रबर. घोडा कसा बसवला ते सांगत नाही, तू हसशील.

पण ती वर मारते. रबर ताणलं की सळी मधे कमानीसारखी वाकते आणि सुटताना खाचेतून उचलली जाते. समोर तांबोशी असते, निवांत असते, आणि माझी सळी तिच्या डोक्यावरून जाते. तांबोशी पळतसुद्धा नाही. तिचा तो शांतपणा मला सहन होत नाही.

नवरात्रात गोव्याहून एक पाहुणा भोगव्याला आला होता, त्याच्याकडची गन मी हातात घेऊन पाहिली. तिची खाच वरून जवळजवळ मिटलेली होती, मधे फक्त एक बारीक फट. सळी नळीत घातल्यासारखी पुढून आत सरकते आणि सुटेपर्यंत तिला उचलायला वावच नाही. मी त्याला एक फेरी मारू दे म्हटलं. त्याने दिली. कपारीजवळच्या एका दगडावर नेम धरला होता, त्या दगडालाच लागली. दादा, मी नेम धरलेल्या जागी लागली.

तुला हे वाचून बरं वाटणार नाही हे मला कळतं. बाबांनी तुझी गन खडपावर आपटून मोडली आणि तू त्याच आठवड्यात बॅग भरलीस, तेव्हा मी शाळेत होते, पण सगळं बघत होते. त्याबद्दल मी काही विचारत नाही. मला फक्त गनचं सांग.

बाबांना माहीत नाही. आईला माहीत आहे का, ते विचारू नको.

तुझी,
वर्षू


निवती, १२ नोव्हेंबर २००६

दादा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. त्यात मी कशी आहे, दिवाळी कशी झाली, यातलं काही नाही. "हे खेळणं नाही. सोडून दे. बाबांना कळलं तर काय होईल ते तुला माहीत आहे. सोबत पान जोडलंय." बस.

पण सोडून दे म्हणणारा माणूस दुकानातल्या पुस्तकाचं पान फाडून कशाला पाठवतो? त्या पानावर तू तीन गनभोवती पेनने गोल केलेत. गोल करताना तुझं पेन नीट चालत नव्हतं, तरी तू दोनदा गिरवलंस. मी ते पान उशीखाली ठेवते. घड्या पडून पडून मधल्या गनचा घोडा पुसट झालाय.

आता माझा हिशेब ऐक. पहिली, सगळ्यात स्वस्त. ॲल्युमिनियमची नळी आणि तिच्यावर वेगळी बसवलेली प्लास्टिकची बंद खाच. हलकी आहे, पाण्यात सोडली तर वर येत असणार. पण आपली वाळू कशी आहे ते तुला ठाऊक आहे. ती नळी आणि प्लास्टिक यांच्या मधे शिरणार आणि मग सळी अडखळणार. शिवाय उन्हात होडीत ठेवली की प्लास्टिक वाकडं होणार नाही कशावरून?

दुसरी, एका साच्यातून काढलेली. नळी आणि खाच एकच. वाळू शिरायला सांधाच नाही. दिसायला अगदी साधी, काळी, दुसऱ्या कुणाची तरी वाटावी अशी.

तिसरी लाकडाची. दादा, ती लाकडाची. आतूनच खाच कोरलेली, दोन रबरं, हाताला बसेल अशी मूठ. चित्रातसुद्धा तिच्यावर तेलाची चकाकी दिसते. लाकूड जड, म्हणजे सळी सुटताना मागे कमी झटका. लाकूड आवाज करत नाही, म्हणजे मासा बिचकत नाही. मला तिसरी हवी.

आता तू मला सांग, माझं कुठं चुकतंय. तू त्या हातात घेऊन बघतोस, मी चित्र बघते.

आणि हो, मी एकटी जात नाही, म्हणून त्याची काळजी करू नको. छोट्या होडीत आई असते. झालं, लिहून टाकलं. तिला मी पहिल्या दिवशीच सापडले. केस ओले, हातात सळी.  दुसऱ्या दिवशी बाबा मोठ्या होडीने जाळ्यावर गेल्यावर ती वल्हं घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल गो. येकटी गेलंस तर तंगडी मोडीन." तिचा गुडघा होडीत पण दुखत नाही.

तुझी,
वर्षू


निवती, ५ डिसेंबर २००६

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, एकदा आईला वाचून दाखवलं, आणि मग आईने ते हातात घेऊन नुसतं पाहिलं. तिला वाचता येत नाही, तरी प्रत्येक पान पाहिलं.

तू पाण्यात गेलास.

तू ते अशा तऱ्हेने लिहिलंस की जणू दुकानाचंच काम होतं. "शुक्रवारी सुट्टी होती. मालकाकडून तिन्ही मागून घेतल्या. खोर फक्कनच्या बाजूला जाऊन तपासल्या." निवती सोडल्यापासून तू गुडघाभर पाण्यातही उतरत नाहीस असं बाबलीदादा सांगायचा. समुद्राचं सामान विकतो, पण किनाऱ्यावर फिरायला बोलावलं तर येत नाही म्हणायचा. आणि तू दोरीला पाण्याचा रिकामा कॅन बांधून, दगड लावून खाली सोडून, प्रत्येक गनने त्याला भोकं पाडत बसलास. माझ्यासाठी. मी तुझ्याकडे गन मागितली होती, हे नव्हतं मागितलं. पण मिळालं ते मी परत करणार नाही.

पाणी कसं होतं ते तू लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात लिही.

आता आपलं भांडण. तू म्हणतोस लाकडाची सगळ्यात नेमकी लागते, पाच भोकं तळहाताएवढ्या जागेत. मग लगेच म्हणतोस ती माझ्यासाठी नाही. का, तर जड आहे, पाण्यात वळवायला वेळ लागतो, कपारीत बाजूला फिरवताना मनगट दुखेल, आणि आठवड्याला तेल लावायला मी आळस करीन. शेवटचं तू उगाच लिहिलंस. तेल मी लावीन.

पहिलीबद्दल मी म्हटलं ते खरं निघालं, हे तू मान्य केलंस याचा मला फार आनंद आहे. किनाऱ्यावर वाळूत ठेवली आणि तिसऱ्या फेरीला सळी अर्ध्यात अडकली. म्हणजे मी चित्र बघूनच ओळखलं होतं. हे वाक्य पुन्हा वाच.

मग राहिली मधली काळी. तू म्हणतोस, "नव्वद सेंटिमीटर लांबीची घे, त्याहून लांब नको. निवतीच्या पाण्यात त्याहून लांबचं दिसतही नाही. सुरुवातीला एकच रबर लाव. सळी घालण्यापूर्वी खाचेतून पाणी ओतून घे." तू अगदी मोठ्या भावासारखं लिहिलंस. मी आईला म्हटलं, दादा माझं काही ऐकत नाही. आई म्हणाली, "तो सांगता तीच घे. तो तेच्यासाठी पाण्यात उतारलोसा."

 काळी पाठव.

तुझी,
वर्षू


निवती, ३० डिसेंबर २००६

दादा,

गन आली, मासा मिळाला आणि बाबांना कळलं. हे तिन्ही एकाच पत्रात लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

नाताळच्या सुट्टीला बाबलीदादा आला. विमानतळावर त्याला थांबवून विचारलं, हे काय. त्याने सांगितलं, बहिणीच्या लग्नातला पडद्याचा दांडा. मग त्यांनी उघडून पाहिली. शेवटी तुझ्या दुकानाची पावती आणि "मासे धरायचं सामान" हे शब्द कामाला आले. तो घामाघूम होऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "फुडच्या येळाक तुझ्या भावाक सांग, सोनां धाड, सोपा पडता."

चित्रात ती साधी वाटली होती. हातात घेतली तर खांद्यापासून बोटापर्यंतचा भाग वाटते. सळी खाचेत सरकवताना जो आवाज होतो, अगदी बारीक, तो ऐकायला मी घरात उगाच तीन-चार वेळा सरकवली.

रबर मात्र चढेना. मूठ छातीला टेकवून दोन्ही हातांनी ओढलं, अर्ध्यावर येऊन थांबायचं. आई होडीतून बघत होती. म्हणाली, "हातान नुको, पाठीन वड. जाळां कशी वडतत?" तिने गन घेतली, पदर खोचला, मूठ पोटाशी टेकवली आणि एका ओढीत रबर सळीच्या दातात अडकवलं. मग माझ्याकडे बघून हसली. दादा, आईला असं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं. दुसरं रबर पण चढवू का विचारत होती.

आज सकाळी पाणी काचेसारखं होतं. वारा नाही, लाट नाही. खडपाच्या मागच्या बाजूला दोन पुरुष खोल एक सपाट जागा आहे, तिथं मी पालथी पडून राहिले. खालून कपारीतून गोबरो अर्धा बाहेर आला, आत गेला, पुन्हा आला. मला वाटतं तोच तो पहिल्या दिवशीचा. मी हात लांब केला, सळीच्या रेषेत त्याचा डोळा आणला, डोळ्याच्या जरा मागे, वर. घोडा दाबला. वर गेली नाही, खाली गेली नाही. जिथं बघत होते तिथं गेली. तो जागच्या जागी उलटला. मी वर आले तेव्हा तोंडातली श्वासाची नळी थुंकून एवढी मोठ्याने ओरडले की आईला वाटलं मला काही चावलं.

आता पुढचं. आम्ही किनाऱ्याला लागलो तर बाबांची होडी आधीच वर ओढलेली. इंजिनात काहीतरी झालं म्हणून लवकर परतले होते. गन होडीत जाळ्याखाली होती, पण मासा टोपलीत उघडा. बाबांनी तो कल्ल्यात बोट घालून उचलला, फिरवून पाहिला.

"ह्यो खंय गावलो?"

आई म्हणाली, "गरीक लागलो."

"गरी काय टाळक्यात लागता?"

 मी वाळूकडे बघत राहिले. बाबांनी मासा परत टोपलीत ठेवला आणि घरी गेले. जेवताना माझ्या चेहऱ्याकडेही पाहिलं नाही. कपाळावर आणि कानामागे चष्म्याच्या रबराचे वळ होते, तिकडे पाहत होते. हात धुऊन आले आणि म्हणाले, "गन हाड."

मी आणून दिली. दुसरं काय करणार होते? ती घेऊन ते किनाऱ्याकडे गेलेत. आई चुलीपाशी बसलीय, भांडी तशीच आहेत. मी हे स्वयंपाकघरात बसून लिहितेय. दुपार कलायला आली, बाबा अजून परतले नाहीत. खडपाच्या बाजूने काही आवाज येतो का ते मी ऐकतेय.

वर्षू


निवती, ७ जानेवारी २००७

दादा,

मागचं पत्र मी टाकलंच नव्हतं, आता दोन्ही एकत्र जातील. बाबलीदादा बुधवारी निघतोय. हे नीट बसून वाच. पहिल्यांदा एवढंच सांगते, गन शाबूत आहे.

बाबा त्या दिवशी संध्याकाळी परत आले. गन गोड्या पाण्याने धुतलेली. खाचेत चिंधी घालून काडीने शेवटपर्यंत पुसलेली, मी कधी एवढी पुसली नव्हती. ती त्यांनी भिंतीला उभी केली आणि आईला म्हणाले, "उद्या तू जाव नको. मी जातंय तिच्यावांगडा."

आईने विचारलं, "आणि जाळी?"

"ऱ्हवांदेत."

सकाळी आम्ही दोघं गेलो.  मी पाण्यात उतरायच्या आधी बाबा म्हणाले, "तुझ्या आवशीचा अर्धा लक्ष बाजारात आसता. होडयेत बसता तेणा पाण्यावयसून डोळो काढूचो नाय." मी बुडी मारून वर आले की दर वेळी बाबा त्याच जागी, होडीच्या काठावर दोन्ही हात, मान पुढे. तंबाखूसुद्धा मळली नाही. मी तीन-चार बुड्यांनंतर होडीला धरून दम घेत होते, तेव्हा ते बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत.

दादा, तुला त्या दिवसाचं किती आठवतं ते मला माहीत नाही. तू तेव्हा सांगितलं होतंस, शुद्धीवर आलो तर वाळूवर होतो आणि समोर बाबा गन आपटत होते. मधलं तुला ठाऊक नाही. मलाही नव्हतं. आम्हाला सगळ्यांना वाटायचं की तुला लाटेने बाहेर टाकलं आणि बाबा नंतर धावत आले.

बाबा तेव्हा तुझ्यापासून थोड्याच अंतरावर जाळ्याच्या होडीत होते. तू वर यायला निघालास आणि पाण्याच्या वरच्या थराच्या अगदी जवळ येऊन थांबलास, असं त्यांनी पाहिलं. हात सैल, तोंड उघडं, आणि पुन्हा खाली जायला लागलास. ते कपड्यांसकट उडी टाकून खाली आले. तुझ्या गनची दोरी तू मनगटाला बांधली होतीस. आणि गनच्या सळीला मासा अडकलेला होता, जिवंत.

"मासो खाली वडता, मी वर वडतंय. कोयतो होडयेत ऱ्हवलो. दातान तोडलंय सळयेची दोरी." त्यांनी ओठ वर करून पुढचा तुटका दात मला दाखवला. तो दात कसा तुटला हे आपण कधी विचारलं नाही, दादा. होडीचं दांडकं लागलं असं ते म्हणाले आणि आपण ते मानलं.

तुला वाळूवर आणून पालथा घातला. पाठ दाबली, तोंडातलं पाणी काढलं. बराच वेळ तू श्वास घेईनास. मग खोकलास. "तू खोकललंस" असं म्हणताना बाबा एकदम थांबले, जणू मीच तू होते. मग म्हणाले, "तो खोकललो आणि माझ्या हातापायातला बळच गेला. समोर ती गन पडलेली दिसली. दुसरा काय करूचा तां कळाक नाय."

मी विचारलं, "तुमी दादाक कित्याक नाय सांगलात?"

ते म्हणाले, "काय सांगतलंय? तो माझ्यावांगडा जेवक नाय, मी बोलाक नाय. मगे तो गेलोच."

त्यानंतर बाबा होडी चालवतात, जाळी टाकतात, पण पाण्यात डोकं घालत नाहीत. मला हे आत्ता लक्षात येतंय. नांगर अडकला तरी दुसऱ्या कुणाला उडी मारायला सांगतात. तू तिकडे, ते इकडे. एकाच पाण्याला दोघं घाबरून बसला होतात.

मी हे त्यांना न विचारता लिहितेय. चुकलं असेल तर मला बोल, त्यांना नको.

त्या दिवशी मासा मिळाला नाही. परत येताना बाबांनी माझ्या गनची दोरी तपासली आणि विचारलं, "ही खंय बांदतंस?" मी म्हटलं, कुठंच नाही, हातात धरते. त्यांनी मान हलवली. घरी येऊन जाळ्याचे दोन मोठे लाल बुये काढले, लांब दोर घेतला आणि गनच्या मुठीला असा बांधला की मी गन सोडली तरी बुये वर तरंगत राहतील. गाठ तीनदा सोडून तीनदा बांधली.

तुझी,
वर्षू


निवती, ४ फेब्रुवारी २००७

दादा,

आज माझ्या दोन्ही तळहातांना दोराने सालटी निघाली आहेत, म्हणून अक्षर वाकडं. बाबा शेजारी बसलेत. हो, शेजारीच. का ते सांगते.

आज खडपाच्या बाहेर, जिथं पाणी एकदम काळं होतं, तिथं आम्ही गेलो होतो. मी खाली जाऊन थांबले होते, समोर लहान मासळीचा थवा. थवा अचानक दुभंगला आणि मधून मोडोसो आला. जाळ्यातून आलेले मोडोसे मी हजार वेळा कापलेत, पण जिवंत, पाण्यात, माझ्याकडे तोंड करून येणारा कधी पाहिला नव्हता. काळा, रुंद डोक्याचा, माझ्या कमरेपर्यंत येईल एवढा. आणि त्याला भीती नाही. मला बघायलाच आला होता. एक चक्कर मारली, बाजू दाखवली. आता दोन रबरं असतात, दोन्ही चढवलेली होती. मी घोडा दाबला.

सळी कल्ल्याच्या मागे बसली. क्षणभर काहीच झालं नाही. मग गन माझ्या हातात राहीना. तो बाहेरच्या बाजूला, खाली, सरळ ओढत निघाला आणि मी त्याच्यामागे. दादा, मी सोडली नाही. लगेच सोडली नाही, खरं सांगते. मला तो हवा होता. एवढा मासा वाडीत कुणी सळीने मारलेला नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा, पाण्याखाली, स्पष्ट आलं. छाती आतून ठोके द्यायला लागली. वर बघितलं तर होडीचा तळ लहान दिसत होता. आणि होडीच्या काठावरून एक डोकं पाण्यात घातलेलं दिसलं. चष्मा नाही, डोळे उघडे, पांढरे केस पाण्यात पसरलेले.

मी बोटं उघडली. गन गेली. मी वर आले.

श्वास घेतला, दुसरा घेतला, तेव्हा बाबांचा चेहरा समोर. त्यातून पाणी गळतंय. "गन?" त्यांनी विचारलं.

"सोडली."

 माझं डोकं दोन्ही हातांत धरून त्यांनी कपाळ माझ्या कपाळाला लावलं. मग बखोटीला धरून होडीत ओढलं आणि म्हणाले, "बरा केलंस. आता बघूया तो खंय जाता."

पुढचं काय सांगू. बुये पाण्याखाली गेले, वर आले, पुन्हा गेले. आमची होडी त्यांच्या मागे. बाबा वल्हवतायत आणि मी पुढे उभी राहून "उजवीकडे, आता सरळ" ओरडतेय. बाबा मोठ्याने हसत होते. एकदा बुये दिसेनातच. मग बरेच लांब, भलतीकडेच, लाल ठिपके वर आले. शेवटी बुये जागच्या जागी डोलायला लागले. दोर आम्ही दोघांनी मिळून ओढला, आधी गन आली, मग सळीची दोरी, मग तो. होडीत घेताना बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, देवळात ठेवतात तसा.

किनाऱ्यावर सगळी वाडी जमली. कुणी विचारलं, कोणी मारलो? बाबा म्हणाले, "माझ्या चेडवान." आई कुणाला तरी ढकलून पुढे आली, मासा बघितला, मग माझे हात बघितले, मग बाबांचं ओलं डोकं बघितलं. तिथंच ती रडली.

आता कामाचं. सळी वाकलीय, मधे, थोडीशीच. पण खाच बंद आहे ना, थोडीशी वाकलेली सळीसुद्धा आत सरकत नाही. उघड्या खाचेच्या गनमध्ये चालून गेली असती. दुपारभर बाबा ती दगडावर ठेवून हातोडीने सरळ करतायत. प्रत्येक वेळी खाचेत घालून बघतात, अर्ध्यावर अडते, बाहेर काढून एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून बघतात, पुन्हा ठोकतात. त्यांचं म्हणणं, बंद खाच मारायला उत्तम पण नाजूक, म्हणून जोडीला एक जास्तीची सळी हवीच. आणि लाकडाच्या गनची सळी जाड असते का, जाड असली तर वाकणार नाही, मग तीच का घेतली नाही, असं ते मला विचारतायत. मी म्हटलं, हे दादाला विचारा, त्याने नको म्हटलं. ते म्हणाले, विचार मगे.

म्हणून विचारतेय. लाकडाच्या गनची सळी जाड असते का? मी पेन त्यांच्यापुढे केलं, तर त्यांनी हात मागे घेतला. "तू लिव. मी सांगतंय तसा लिव."

त्यांनी सांगितलं तसं, शब्द न शब्द:

"रविराजा, तुझी गन बरी आसा. चेडू तुझ्यापरास हुशार आसा, येळार सोडता. मी होडयेत बसतंय, पण माझे डोळे आता पयल्यासारके नाय. खाली येक आसताना पाण्यात वर दुसरो व्हयो. सळी व्हयी, त्याच जाडीची, दोन. बाबलीच्या हातान धाडू नको. तू घेवन ये."

मी विचारलं, आणखी काही लिहायचं का. ते हातोडी घेऊन पुन्हा दगडापाशी गेलेत.

तुझी,
वर्षू